अंगभर हवं, पण पोतं नको: ब्लाउज-कुर्ते शिवायला येणाऱ्या बायका नेहमी विचारतात ते प्रश्न

अमळनेरला घराच्या पुढच्या खोलीत माझी मशीन आहे. २२ वर्षं झाली. ट्रायल घालून आरशापुढे उभी राहिली की कुठल्याही वयाची बाई मान मागे वळवून एकच विचारते, "कसं दिखी ऱ्हायनं?" (कसं दिसतंय?) त्या एका प्रश्नाच्या पोटात बाकीचे कितीतरी असतात. अंग झाकलं जावं, सासूबाईंनी नाक मुरडू नये, उन्हात जीव जाऊ नये आणि फोटोत आपण गादीच्या खोळीसारखं दिसू नये. तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

माझा बॉडी टाइप कोणता? नाशपाती, सफरचंद की काय ते?

हा प्रश्न मोबाईलमधून येतो. फळं राहू द्या. रावेरची केळी घेताना फळ ओळखता आलेलं बरं, कपड्याला त्याचा उपयोग नाही. अंग कधी एका फळासारखं नसतंच. एकीचे खांदे उतरते आणि पोट सपाट, दुसरीचे खांदे रुंद आणि सीट बारीक, तिसरीचं सगळं प्रमाणात पण वर्षानुवर्षं पोर एकाच कडेवर घेऊन एक खांदा अर्धा इंच खाली.

चार आकडे कागदावर लिहा: खांदा, छाती, कंबर, सीट (कमरेखालचा सगळ्यात रुंद भाग). सीट छातीपेक्षा ३-४ इंचांनी जास्त असेल तर तुम्ही खाली भारी. छाती सीटपेक्षा जास्त असेल तर वर भारी. कंबर आणि छाती जवळपास सारखी असेल तर मध्ये भरलेल्या. तिन्हींत बसत नसाल तर तुम्हाला रेडिमेड बसतं, पुढचं अर्धं वाचलं नाही तरी चालेल.

माप घरच्या घरी कसं घ्यायचं?

स्वतःचं स्वतः घेऊ नका, दुसऱ्या कुणालातरी टेप द्या. खांदा पाठीमागून घ्यायचा, एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. छातीचं माप रोज जी ब्रा घालता तीच घालून. पुढे बरोबर धरलेली टेप पाठीवर खाली घसरते, तिथे लक्ष ठेवा, इंचभर फरक तिथेच पडतो. कंबर सापडत नसेल तर एका बाजूला वाका, घडी पडते ती कंबर.

सीट उभं राहून घ्या आणि मग खुर्चीत बसून पुन्हा घ्या. बसल्यावर चांगली दीड-दोन इंच वाढते. हे दुसरं माप कुणी घेत नाही आणि मग एसटीत बसल्यावर कुर्ता मांडीवर ताणला जातो.

आणि पोट आत ओढून माप देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका टेप कमरेला लागली की श्वास धरतात. मी टेप तशीच धरून गप्पा मारत राहते. बोलायला लागलं की श्वास सुटतो, मग आकडा लिहिते.

अंग दिसू नये म्हणून सैल शिवायचं, एवढंच ना?

माझं खरं भांडण इथेच आहे. "ताई, दोन साइज मोठा शिवा" म्हणणाऱ्यांना मी आधी बसवते आणि पाणी देते.

दोन साइज मोठा कपडा सगळीकडून मोठा होतो. खांदा हाडावरून घसरून दंडावर येतो. गळा रुंद होतो, म्हणजे वाकलं की पुढून आतलं दिसतं आणि एका बाजूने ब्राचा पट्टा बाहेर येतो. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, खाली उतरतो आणि हात वर केला की बाहीच्या फटीतून काखेपासून बरगडीपर्यंत दिसतं. झाकायला म्हणून सैल घेतला आणि तोच उघडं करतो. दिवसभर ओढणी सारखी करण्यात हात अडकतो ते वेगळंच.

खांदा, गळा आणि मुंढा हे तीन अगदी तुमच्या मापाचे पाहिजेत, इथे अर्धा इंचही सैल नको. तिथून खाली कुर्त्याला छातीवर ३ ते ४ इंच आणि सीटला ४ इंच मोकळं सोडा. कपडा खांद्यावर टांगलेला असतो. तो खुंटीवर नीट अडकला की खाली कितीही मोकळा असला तरी पोतं वाटत नाही. ब्लाउजला मात्र छातीवर इंच-दीड इंचच मोकळीक, त्याच्या वर गेलं की काखेत चुण्या जमतात.

मी वर बारीक आणि कमरेखाली भारी. कुर्ता बाजूने फाकतो.

फाकतो म्हणजे साइड कट उलट्या व्हीसारखा उघडा पडतो आणि लेगिंग दिसते. सगळ्यांना वाटतं कट जास्त वरून आहे, म्हणून "कट खाली घ्या" सांगतात. मी खाली घेऊन देते, कुर्ता तिथे आणखी आवळतो आणि बाई आठ दिवसांनी परत येते. दुखणं कटाचं नाही, सीटच्या मापाचं आहे. छातीच्या मापाने कुर्ता घेतला, सीटला कापडच कमी पडलं, म्हणून ते कटातून पळतं. सीटच्या मापात ४ इंच मिळवून कापा, कट आपोआप मिटून उभा राहील. रेडिमेड घेत असाल तर सीटला बसेल तो साइज घ्या आणि खांदा-छाती आत घ्यायला सांगा.

उंची कुठे संपते तेही बघा. कुर्त्याचा काठ सीटच्या सगळ्यात रुंद जागी संपला तर बघणाऱ्याची नजर तिथेच थांबते. गुडघ्याच्या जरा खाली आणा. कळ्यांचा कुर्ता तुम्हाला छान दिसतो, पण कळी कमरेवरून सुरू करा, सीटवरून नको. लेगिंगपेक्षा सरळ पँट किंवा सलवार घ्या. वर खांद्याशी थोडं काम, फुगा बाही, बोट नेक असं काही चालतं, वरचं अंग त्याने जरा भरतं.

पोट सुटलंय. साडीत झाकायचं कसं?

निऱ्या कुठे खोचता त्यावर सगळं आहे. बहुतेक जणी परकराचा नाडा बेंबीच्या बऱ्याच खाली, पोटाच्या गोलाईखाली बांधतात. मग पोट वर मोकळं राहतं आणि नाड्यावर ओघळतं. नाडा बेंबीवर किंवा बोटभर वर बांधा. निऱ्या जाड एका गठ्ठ्यात खोचू नका, ५-६ निऱ्या बारीक घालून हाताने चपट्या करा, पिन लावा आणि मग खोचा. ब्लाउजची उंची इंच-दीड इंच वाढवा. १३ इंचांचा शिवत असाल तर साडेचौदा. पाठ आणि कंबर झाकली जाते आणि पदर सारखा ओढावा लागत नाही.

शेपवेअरचा परकर चांगला दिसतो, मी नाही म्हणत नाही. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लग्नात तो ६ तास घालून बसलेल्या एका बाईला मी घामोळ्यांनी रडताना पाहिलंय. उन्हाळ्यात सहा कळ्यांचा सुती परकर घाला, बाकी निऱ्यांवर सोपवा.

कुर्त्यात पोट झाकायला छातीखाली जोड देऊन चुण्या घालतात. सांभाळून. जोड फार वर आणि चुण्या दाट झाल्या की गल्लीतल्या बायका "कितवा महिना?" विचारतात. माझ्या एका गिऱ्हाइकाला तिच्या नणंदेने खरंच विचारलं, तो ड्रेस पुन्हा कधी दिसला नाही. त्यापेक्षा खांद्यापासून हळूहळू खाली रुंद होत जाणारा सरळ कट घ्या आणि पोटावर मोठं फूल किंवा जोड येऊ देऊ नका.

छाती भारी आहे. ब्लाउजची हुकं ताणली जातात आणि कुर्ता पुढून वर उचलतो.

दोन्हींचं कारण एक. पुढच्या भागाला छातीच्या गोलाईवरून जायला कापड जास्त लागतं आणि सपाट कापलेल्या कपड्यात ते नसतं. मग कपडा खालून ओढून घेतो, म्हणून पुढची कड वर जाते आणि मुंढ्याजवळ तिरप्या सुरकुत्या येतात. त्या सुरकुत्या दिसल्या की समजा टक्स, म्हणजे आकारासाठी कापड दुमडून घातलेल्या चिमट्या, कमी पडलेत. उपाय टक्स वाढवणं किंवा प्रिन्सेस कट. भारी छातीला मी प्रिन्सेस कटच सुचवते, शिलाई खांद्यापासून उभी खाली येते आणि आकार नीट बसतो. कटोरी ब्लाउज बसतोही छान, पण आकार उठून दिसतो. ज्यांना ते नको त्यांनी आधीच सांगावं.

हुकांमध्ये फट पडत असेल तर हुकं जवळ जवळ लावून घ्या आणि आतल्या पट्टीची रुंदी वाढवा. कॉलरवाल्या शर्ट-कुर्त्याला छातीच्या रेषेवर एक बटण आलंच पाहिजे, वर एक आणि खाली एक असं करून मधली जागा उघडी सोडू नका.

पुढचा गळा ६ इंचांपेक्षा खोल नको. शिवून झाल्यावर आरशापुढे ताठ उभं राहून बघू नका, पंगतीत वाढायला वाकतो तशा वाका. गळा तिथे कळतो. पाठीला खोल गळा हवा असेल तर हौस करा, पण मग पुढचा वर घ्या आणि रुंदी कमी ठेवा. पुढून-मागून दोन्हीकडे खोल आणि रुंद असलेला ब्लाउज खांद्यावर राहणारच नाही, नॉट कितीही घट्ट बांधा.

गळ्यात पोत असते तेव्हा गळ्याचा आकार कसा ठरवायचा?

लांब पोत व्ही किंवा पंचकोनी गळ्यात नीट बसते. बोट नेकवर आखूड पोत घातली की मणी कापडावर चढून बसतात आणि काळा रंग घासून हलक्या साडीवर डाग पडतो. गोफ, चपलाहार असं जड काही घालणार असाल तर गळ्याला आरी वर्क कशाला? आपल्याकडे जळगावचं सोनं घालायची हौस दांडगी, त्याला जागा द्या.

मी अगदीच बारीक आहे, हाडं दिसतात.

कडक कापड घ्या. खादी, लिनन, जाडसर सुती. अंगावर उभं राहतं आणि भरल्यासारखं दिसतं. सुळसुळीत क्रेप टाळा. बाही कोपरापर्यंत, गळा बंद किंवा कॉलरचा. झालं.

उंची ५ फुटांच्या आत आहे. आडव्या रेघा चालतील का?

चालतील. "आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतो" हे मीही वीस वर्षं सांगत आले. मग माझ्या लेकीने वाचून दाखवलं की हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ सालीच लिहून ठेवलंय, सारख्याच मापाचे दोन चौकोन घेतले तर आडव्या रेघांनी भरलेला उंच वाटतो आणि उभ्या रेघांचा रुंद. विश्वास बसला नाही म्हणून मी कागदावर काढून पाहिलं. खरं निघालं. तेव्हापासून बारीक आडव्या रेघांना मी नाही म्हणत नाही. हाताच्या पंज्याएवढे रुंद पट्टे मात्र अजूनही नको म्हणते, तिथे माझे डोळे शास्त्र ऐकत नाहीत.

बुटक्या अंगाला रेघांपेक्षा काठ जास्त नडतो. येवल्याची पैठणी घेताना ७-८ इंचांचा काठ दुकानात डोळ्यात भरतो, पण तुमच्या उंचीत तो अर्ध्या नडगीपर्यंत चढतो आणि तुम्हाला दोन तुकड्यांत कापतो. ३-४ इंचांचा घ्या. कुर्ता आणि पँट एकाच रंगाची असेल तर आणखी चांगलं.

उन्हाळ्यात अंगभर घालायचं म्हणजे शिजायचंच ना?

उलट आहे. उघड्या हाताला ऊन थेट भाजतं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाहीचा शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल बांधतात. पऱ्हाटी अंगाला लागत नाही, काळवंडत नाही आणि सुती शर्टातून वारा खेळतो. स्कूटीवरच्या मुलींचा सनकोट म्हणजे तोच शर्ट, फक्त विकत घेतलेला.

कापड मलमल, कॅम्ब्रिक किंवा पातळ खादीचं घ्या. लायक्रा मिसळलेलं मे महिन्यात नको. रेयॉन गार लागतं आणि घोळ छान देतं, पण अंगाला चिकटतं, त्याला ४ ऐवजी ५ इंच मोकळं सोडा.

पांढरं सुती कापड उन्हात उभं राहिलं की आरपार दिसतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. कापड हातावर टाकून दाराबाहेर उन्हात न्या, बोटं मोजता आली तर अस्तर लागेल. आतून पांढरी स्लिप घालू नका, ती पांढऱ्यातून जास्त उठून दिसते. तुमच्या कातडीच्या रंगाची घ्या.

सुरतची साडी पायाला चिकटते.

सुरत-भुसावळ रेल्वेच्या ताप्ती लाइनवर राहून सुरतच्या साडीपासून कोण सुटलंय! स्वस्त आहे, धुवायला सोपी आहे. कोरड्या हवेत सिंथेटिक साडी आणि सॅटिनचा परकर एकमेकांवर घासले की वीज साठते आणि साडी पायांना लपेटते, पुढून मांड्यांचा आकार दिसतो. सॅटिन काढा, सुती परकर घाला, बऱ्याचदा एवढ्यानेच सुटतं.

डोक्यावरचा पदर टिकत नाही, हळद-लग्नात सारखा घसरतो.

डोक्यावर पदर घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही आणि घरच्यांनी बघा, मी फक्त तो टिकवून देते. खांद्यावरून मागे सोडलेला पदर गुडघ्यापर्यंत तरी आला पाहिजे. डोक्यावर घेतल्यावर वीतभर तिथेच खर्च होतो. निऱ्या दोन कमी करा म्हणजे पदराला लांबी मिळते, सहावारी साडी सगळीच साडेपाच मीटरच्या आसपास असते. जॉर्जेटला टाचणी टोचू नका, भोक पडून ओढ येते. पदराच्या आतून, डोक्यावर येईल त्या जागी सुती कापडाची ४ बोटांची पट्टी धावदोऱ्याने टाकून घ्या. केसांवर पकड बसते. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने शिकवली, मी तिच्याकडून शिलाई घेतली नाही.

बुरखा किंवा अबाया तर सैलच असतो, त्याला कशाला माप?

वरचंच उत्तर. खांदा आणि गळा मापाचा, बाकी मोकळं. उंचीचं माप रोजची चप्पल घालून द्या. स्कूटी चालवत असाल तर घेर कमी करून खाली बाजूने चुणी ठेवा आणि कड घोट्याशी थांबवा, नाहीतर चाकात जाते. बाही मनगटाशी इलॅस्टिकची किंवा बटणाची करून घ्या, हात वर केला की कोपरापर्यंत सरकत नाही.

ऑनलाइन मागवलेला कुर्ता कधीच बसत नाही.

साइजच्या तक्त्यातला आकडा तुमच्या अंगाचा आहे की कपड्याचा, हे आधी वाचा. दोन्ही पद्धती चालतात आणि त्यात ३-४ इंचांचा फरक असतो. घरात जो कुर्ता चांगला बसतो तो जमिनीवर पसरून काखेतून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा आणि तक्त्याशी लावा.

बाह्या आतल्या पिशवीत सुट्या असतात, बघायच्या आधी "बिनबाह्यांचा आला" म्हणून परत पाठवू नका. आणि शंका असेल तर मोठा घ्या. रेडिमेडमध्ये शिलाईच्या आत माया जेमतेम पाव-अर्धा इंच असते, त्यामुळे आत घेता येतो, सोडता येत नाही.

अंग वाढेल की कमी होईल, काय सांगावं? कसा शिवू?

आत माया ठेवून. मी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच ठेवते आणि कच्च्या शिलाईच्या दोन रेघा आधीच मारून देते. वाढलात की अंगाजवळची उसवायची. बाळंतपणानंतर निदान सहा महिने भारी ब्लाउज शिवूच नका. पाजत असाल तर पुढे हुकांचाच घ्या, पाठीला चेन असलेला घेऊन मग खोलीचं दार शोधत बसायचं!

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला काय शिवू? ती टी-शर्टच घालते, वाकून चालते.

वाकून चालते कारण कुणीतरी काहीतरी बोललंय. आधी तिच्या मापाची नीट ब्रा आणा, तीन कुर्ते नंतर. मग जाडसर सुती, थोडा लांब, बाजूला खिसा असलेला टॉप शिवा, रंग तिला निवडू द्या. ट्रायलच्या वेळी आई, मावशी, आजी सगळ्या खोलीत नकोत. मी मुलीला एकटीला विचारते, "कुठे आवळतंय?" आणि बाकीच्यांना बाहेर चहा देते.

शिवायला येताना काय आणू?

एक चांगला बसणारा जुना ब्लाउज, साडीवर घालणार ती ब्रा आणि चप्पल. सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून आणा. दुसऱ्याच वर्षी मी एक पिवळं सुती ब्लाउजपीस न भिजवता कापलं होतं. एका धुण्यात आटलं आणि कानबाईच्या (आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या) विसर्जनाला फुगडी घालताना त्या वहिनींची काख उसवली. पदर काखेत दाबून घरी गेल्या बिचाऱ्या. तेव्हापासून मुंढा शिवला की मी प्रत्येकीला दोन्ही हात डोक्यावर जोडून, गिरकी घेऊन दाखवायला लावते.

८० सेंटिमीटरचं पीस कोपरापर्यंतच्या बाहीला आणि भारी अंगाला पुरत नाही, मीटरभर आणा. कुर्त्याला ४४ इंच पन्हा असेल तर अडीच मीटर. आणि नागपंचमीच्या पुढच्या आठवड्यात येऊ नका. कानबाईची सगळ्या गावाची घाई असते, त्या दिवसांत मी नवं कापड घेत नाही, फक्त हुकं आणि फॉल लावून देते.